सोमवारचा पाऊस

कल्याणच्या मामलेदार कचेरीतले पाऊस-कारकून त्र्यंबकराव दिघे वयाच्या चौपन्नाव्या वर्षी रानात निघाले, ते झाडाची साक्ष काढायला. झाड सागाचं होतं, रान काळू नदीच्या वरच्या अंगाचं होतं, आणि साक्ष हवी होती त्र्यंबकरावांच्या नोंदवहीच्या बाजूने. झाड आपल्याच बाजूने बोलणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मोहिमेवर अशाच माणसांनी निघावं. शंकेखोर माणसं घरी बसतात आणि कोरडी राहतात.

झालं होतं असं. शेणाळे तळ्याच्या काठी सरकारने १८६८ साली पाऊस मोजायचं यंत्र बसवलं होतं. यंत्र म्हणजे दगडी ओट्यात रोवलेलं तांब्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली, आणि गुरं शिरू नयेत म्हणून भोवती लाकडी कठडा. रोज सकाळी आठच्या ठोक्याला त्र्यंबकराव तिथे हजर. चिखल नको म्हणून वहाणा कठड्याबाहेर काढायच्या, वाकून बाटली उचलायची, पाणी काचेच्या मापात ओतून डोळ्यांसमोर धरायचं, ओठातल्या ओठात आकडा पुटपुटायचा, आणि पुन्हा वाकून बाटली जागच्या जागी. सोळा वर्षांत एक दिवस चुकला नाही! थोरल्या लेकीच्या लग्नाचा मुहूर्त आठ वाजून पाच मिनिटांचा निघाला, तेव्हा त्यांनी भटजींना सरळ पुढचा मुहूर्त काढायला लावला.

या सोळा वर्षांच्या तपश्चर्येतून त्यांना एक शोध लागला होता. कल्याणात श्रावणात सोमवारी जास्त पाऊस पडतो! दर वर्षी! त्यावर त्यांनी पंधरा पानांचं टिपण लिहून वर पाठवलं होतं. नरसाळ्यात कधीकधी बेलाची पानं सापडत. त्याची नोंदही वहीत होती, 'वाऱ्याने आलेली पाने' म्हणून. बेलाचं सर्वांत जवळचं झाड अर्ध्या कोसावर होतं, पण वाऱ्याला कोण विचारणार?

आणि १८७७ साल! घाटावर लोक अन्नाला मोताद झाले होते, कल्याणात विहिरींचे तळ दिसू लागले होते. त्र्यंबकरावांची वही मात्र सांगत होती, एकशे तेवीस इंच, सोळा वर्षांतला सर्वाधिक पाऊस!

"अहो, दोन महिन्यांत तुमची छत्री उघडलेली नाही," त्यांच्या पत्नी गंगुबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"कचेरीवर पडला नसेल. तळ्यावर पडला. वहीत आहे."

वहीत आहे म्हटल्यावर विषय संपला. त्र्यंबकरावांच्या घरात डोळ्यांपेक्षा वहीला मान होता.

आता १८८४ च्या जानेवारीत बांधकाम खात्याच्या इंजिनेर साहेबाला कल्याणसाठी पिण्याच्या पाण्याचं नवं तळं बांधायचं होतं. किती खोल खणायचं ते ठरणार होतं सगळ्यांत कोरड्या सालच्या पावसावर. त्र्यंबकरावांच्या वहीत सगळ्यांत कोरड्या सालीसुद्धा ब्याण्णव इंच होते. साहेब खूश! मग खोल तळं हवं कशाला? उथळ पुरे. वही छापायची, पहिल्या पानावर त्र्यंबकरावांचं नाव घालायचं, असंही ठरलं. पण वरच्या साहेबाने पत्र धाडून विचारलं, पावसाला सोमवार कसा कळतो? शनिवारपर्यंत वहीला दुसरा पुरावा आणा, नाहीतर वही बाजूला ठेवा.

त्र्यंबकरावांना दोन रात्री झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी जंगल खात्याचा एक अहवाल हाती आला आणि ते कचेरीत उभे राहून ओरडले, "सापडला साक्षीदार!" सागाच्या बुंध्यात दर पावसाळ्याला एक वलय वाढतं. पाऊस चांगला तर वलय रुंद, पाऊस कमी तर बारीक. म्हणजे जुन्या सागाची बाहेरची वलयं आपल्या वहीशी ताडून पाहायची. ती जमली की आतल्या वलयांवरून शंभर वर्षांचा पाऊस वाचता येईल, पेशवाईतलासुद्धा! यंत्र नव्हतं, कारकून नव्हता, तेव्हाचा पाऊस! त्र्यंबकरावांना तर आपल्या नावाखाली छापलेलं 'भाग दुसरा' दिसायलाही लागलं.

मंगळवारी सकाळी चौघं टिटवाळ्याला आगगाडीतून उतरले. सोळा वर्षांत पहिल्यांदाच, तेही कोरडा जानेवारी म्हणून, यंत्र दुसऱ्या कारकुनाच्या भरवशावर होतं. पुढे त्र्यंबकराव, डोक्यावर पागोटं, खिशात भिंग. मागे राघो, कचेरीचा पट्टेवाला. त्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी आणि पेटीत वही. वही जमिनीला टेकवायची नाही असा हुकूम होता, त्यामुळे राघो बसतानाही पेटी डोक्यावर ठेवूनच बसे. त्याच्यामागे पंढरी सुतार, खांद्यावर दोन मुठींची लांब करवत आणि कमरेला रंधा. माणूस मुका वाटावा इतका कमी बोलणारा. आणि सर्वांच्या पुढे, म्हणजे त्र्यंबकरावांच्याही वीस पावलं पुढे, ठमाबाई ठाकरीण. साठी उलटलेली, सुपारीच्या झाडासारखी सडपातळ आणि सरळ. मध आणि लाकूडफाटा घेऊन ती कल्याणच्या बाजाराला यायची. कोळदऱ्याच्या कड्यावर एक जुनाट साग आडवा पडलाय हे तिलाच ठाऊक होतं. ठेकेदाराने तो वर्षापूर्वी पाडला होता, पण खाली ओढून आणता येईना म्हणून तसाच सोडून दिला होता. चकती कापायचं परवान्याचं पत्र त्र्यंबकरावांच्या खिशात होतं.

पहिला दिवस चालण्यात गेला. काळूच्या काठाने वाट, मग वाट संपून नुसता काठ, मग काठही संपून दगड. पानगळ सुरू झालेली, सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. दुपारी ओढ्याच्या ओल्या वाळूत राघो थबकला.

"रावसाहेब, ह्यो ठसा कोनाचा?"

"कुत्र्याचा," त्र्यंबकराव भिंगातून न बघताच म्हणाले.

"येवरा मोठा कुत्रा मी कल्यानला कवा बगितला नाय."

"बिबळ्या हाय," ठमाबाई पुढूनच ओरडली. "चला बिगी बिगी. दिसा निजतो तो."

हे ऐकून राघो इतका धीट झाला की पुढचा एक कोस तो पळतच गेला. पेटी मात्र हलली नाही!

बुधवारी सकाळी ते कोळदऱ्याच्या कड्याखाली पोचले. कडा ताडाएवढा उंच. मध्यावर अरुंद सपाटीचा एक पदर, आणि पदरावर तो साग. ठमाबाई वेलीला धरून सरसर वर गेली आणि वरून दोर सोडला. पंढरी चढला. राघो एका हाताने दोर, एका हाताने पेटी धरून चढला. कसा चढला ते त्यालाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्र्यंबकराव अर्ध्यावर पोचले आणि पायाखालचा दगड निसटला! पाय लोंबकळले! पागोटं दरीत गेलं! दोर करकरला!

"सोडू नका!" पंढरी गरजला. दोन दिवसांत त्याने उच्चारलेले हे पहिले शब्द.

"सोडतोय कशाला!" त्र्यंबकराव खालून ओरडले. "ओढा!"

वर आल्यावर मात्र सगळा शीण उतरला. काय तो साग! आडवा पडूनही माणसाच्या कमरेच्या वर. बुंध्याला मोठी ढोली, आत अंधार. ढोली वर निमुळती होत गेलेली. तिथे बाहेरचं लाकूड निबर आणि गाभा तेवढा पोकळ, दीड वितीचा. पंढरीने बोटांनी ठोकून जागा निवडली. चकती कापायची दोन बोटं जाडीची, म्हणजे उचलता येईल.

करवतीची दुसरी मूठ धरायला माणूस हवा. राघोच्या हाती पेटी. ठमाबाई म्हणाली, मी वाटाडी, सुतारीन न्हाई. तेव्हा सरकारी नोकरीत लेखणीपेक्षा जड काही न उचललेले त्र्यंबकराव बाह्या सारून उभे राहिले. करवत ओढायची असते, ढकलायची नसते, हे पंढरीने त्यांना खुणेने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तो नुसता कपाळाला हात लावून उभा राहिला. पण हळूहळू लय लागली. खर्र खर्र, खर्र खर्र! पिवळा भुसा उडू लागला. साग आतून दुमदुमू लागला.

आणि मग साग गुरगुरला.

करवत थांबली. गुरगुरणं थांबलं नाही.

"पंढरी, हे लाकडाचं काही...?"

पंढरीने मान हलवली. लाकूड असं करत नाही.

ढोलीच्या तोंडातून आधी मिशा आल्या. मग डोळे. मग सगळा बिबट्या बाहेर आला, आळोखेपिळोखे देत, अंगावर भुसा घेऊन! चौघं जागच्या जागी खिळले. त्र्यंबकरावांच्या हातात करवतीची मूठ, पंढरीच्या हातात दुसरी. राघोने पेटी डोक्यावरून काढून छातीशी धरली, आणि सोळा वर्षांचा पाऊस त्याच्या व बिबट्याच्या मध्ये आला. बिबट्याने एकेकाकडे पाहिलं. दुपारच्या वामकुक्षीत शेजाऱ्यांनी उखळ कुटायला घेतल्यावर घरमालक जसा पाहतो, अगदी तसा. मग त्याने जांभई दिली. एक झेप! पदरावरून खाली! झाडीत पानं वाजली, आणि सारं शांत.

"म्या म्हनलंच व्हतं," ठमाबाई म्हणाली, "दिसा निजतो."

राघो मात्र मटकन खाली बसला. पेटी टेकली नाही.

चकती सुटली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पंढरीने रंधा मारून तिचं तोंड आरशासारखं गुळगुळीत केलं, वर पाण्याचा हात फिरवला, आणि वलयं उमटली. एकात एक, एकात एक, शंभरावर! मधली वीस-पंचवीस वर्षं ढोलीनं खाल्ली होती, पण बाकी सारा काळ तिथे उघडा पडला होता. त्र्यंबकराव गुडघ्यांवर बसले. भिंग डोळ्याला लावलं. प्रत्येक वलयावर एक टाचणी टोचत ते बाहेरून आत निघाले.

"झाड तोडलं गेल्या साली थंडीत. म्हणजे सगळ्यांत बाहेरचं वलय ब्याऐंशीच्या पावसाळ्याचं. रुंद! वहीतही चांगला पाऊस आहे. एक्याऐंशी, मध्यम. बरोबर! ऐंशी, बरोबर! एकोणऐंशी, बरोबर! अठ्ठ्याहत्तर, रुंद, बरोबर!" त्यांचा आवाज चढत गेला. "आणि आता सत्त्याहत्तर! एकशे तेवीस इंच! बघा आता कसं..."

आवाज बंद पडला.

सत्त्याहत्तरचं वलय शोधावं लागलं. नखाने ओरखडा काढावा तेवढी एक काळपट रेघ. सबंध चकतीवर इतकं बारीक दुसरं वलय नव्हतं.

"झाड खोटं बोलतंय!" त्र्यंबकराव म्हणाले.

त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं.

"आजारी असेल. आत बिबट्या राहिल्यावर झाड वाढेल कसं?"

"बिबळ्या दोन सालांपास्नं हाय," ठमाबाई म्हणाली. "खाली ठेकेदाराचे खुंट हायती. त्यांनाबी पुसा की."

चकती दोराने खाली उतरवली. गुरुवारी सकाळी खालच्या रानात त्याच थंडीत तोडलेल्या दोन खुंटांवर पंढरीने रंधा मारला. पहिल्या खुंटाचं सहावं वलय सुतासारखं. दुसऱ्या खुंटाचं सहावं वलय त्याहून बारीक. तीन साक्षीदार, आणि तिघेही फितूर! त्र्यंबकराव खुंटावरच बसले. राघोने पेटी आणून उघडली. त्यांनी वहीचं सत्त्याहत्तरचं पान काढलं आणि बोट ठेवलं.

"पण पाणी होतं गं!" ते ठमाबाईला म्हणाले, तक्रार केल्यासारखं. "मी स्वतः मोजलंय. श्रावणातल्या प्रत्येक सोमवारचं. बाटली भरून बाहेरच्या भांड्यात सांडलेलं पाणी. ते आलं कुठून मग?"

"तळ्याकाठच्या तांब्याच्या भांड्यात?"

"हो, त्याच!"

"मंग असंलच की पानी. आमीच तर घातलं."

त्र्यंबकरावांचं बोट पानावरून घसरलं.

"कोणी घातलं?" त्र्यंबकरावांनी हळूच विचारलं.

"समद्या बायांनी. पावसोबाला. श्रावणात सोमवारी लोटाभर पानी आन बेल. पाऊस नसंल त्या साली जास्ती. त्या साली तर रांग तळ्याला वळसा घालून गेलती."

त्र्यंबकरावांनी राघोकडे पाहिलं. राघो पेटीच्या कडीकडे पाहत होता.

"आमची सखुबाय बी जाते, रावसाहेब. नाय म्हनलं तरी आयकत नाय."

पंढरीने घसा साफ केला. "आमच्या घरनं पण. मोठा लोटा आहे आमचा."

"आणि हे मला सोळा वर्षांत कोणी सांगितलं नाही!"

"तुमाला?" ठमाबाई खरोखरच चकित झाली. "तुमीच तर पुजारी! रोज सकाळी वहाना काढताव, वाकताव, तीर्थ डोळ्याला लावताव, मंतर म्हंताव. तुमी येवडं करताव म्हनून तर आमाला कळलं का देव जागृत हाय. पुजाऱ्याला काय सांगायचं?"

त्र्यंबकरावांच्या डोळ्यांसमोरून सोळा वर्षं गेली. वाऱ्याने आलेली बेलाची पानं. नरसाळ्याच्या काठावरचा तांबडा गंज, जो पुसला की बोटाला कुंकवासारखा लागायचा. पंधरा पानांचं टिपण! त्यांना राग आला, आणि राग काढावा असा एकही माणूस सापडेना. तो देव त्यांनीच तर बसवला होता.

"आणि तू?" शेवटी ते म्हणाले. "तू सत्त्याहत्तरला या रानातून कल्याणला आलीस? लोटाभर पाणी घालायला?"

"तळ्यातलं पानी खाली गेलतं, गाळ नुस्ता. देवाला गाळ कसा घालायचा? आमच्या कड्याखाली झरा हाय, थेंब थेंब यायचा. एक गडू भराया दीस लागला. तो घेऊन आले."

"दोन दिवस चालत?"

"सांडू नाय म्हनून तीन लागले."

"मग पाऊस पडला?"

"नाय."

"पुन्हा आलीस?"

"मंग काय तर," ती म्हणाली. "सोमवार परत आला ना."

त्र्यंबकरावांनी वही मिटली. त्या साली चौथ्या सोमवारचा आकडा त्यांना तोंडपाठ होता, सहा इंच आणि तीन दशांश. त्यातलं थोडंसं या बाईने तीन दिवस हातात धरून आणलं होतं, आणि त्यांनी ते मोजून ओतून दिलं होतं. त्यांनी वही पेटीत ठेवली आणि ऊन फार झालं म्हणाले.

परतायला वेळ थोडा होता. चकती डोक्यावर घेऊन टिटवाळ्यापर्यंत चालणं अशक्य, म्हणून ठमाबाईने बांबूचा तराफा बांधला. नदीने थेट कल्याण गाठायचं! वर्षभर वाळलेलं लाकूड हलकं झालं होतं. पंढरीने चकती तराफ्याच्या टोकाला ठेवली. त्र्यंबकराव तिच्याकडे पाठ करून बसले. चकती साहेबाला दाखवली तर वही रद्द, नाव रद्द, सोळा वर्षं रद्द, आणि पावसोबाचा पुजारी म्हणून सगळ्या कचेरीत हसं. नाही दाखवली तर... राघो बोलणार नाही, पंढरी तर कधीच बोलत नाही. शुक्रवारभर त्यांनी चकतीकडे एकदाही मान वळवली नाही.

शनिवारी सकाळी टिटवाळ्याच्या खाली भरतीचं पाणी त्यांना समोरून भेटलं. अमावस्येची भरती! वरून नदी ढकलतेय, खालून खाडी चढतेय, मध्ये तराफा भोवऱ्यासारखा गरगर फिरू लागला.

"खडक! खडक!" ठमाबाई ओरडली.

धाड! बांबू उसळले! दोर तुटले! पंढरीने करवत धरली, राघोने पेटी डोक्यावर धरली आणि पाण्यात उडी टाकली. पाणी तिथे त्याच्या छातीइतकंच निघालं आणि तो तसाच पेटीसह उभा राहिला. चकती मात्र घसरली, पाण्यावर थपकन आडवी पडली, आणि खोल धारेला लागून निघाली.

त्र्यंबकराव खडकाला धरून तिच्याकडे पाहत होते. कोणी ढकललं नव्हतं. नदीनेच नेली, असं शपथेवर सांगता आलं असतं. पेटी सुरक्षित. छापील पान सुरक्षित. तळं उथळ. आणि पुढच्या सत्त्याहत्तरला कोणीतरी पुन्हा रानातून गडू घेऊन येणार.

"अरे, ती जातेय!" ते ओरडले आणि त्यांनी उडी मारली.

पोहता येत नाही, हे त्यांना पाण्यात पडल्यावर आठवलं. खाली गेले! वर आले! पाणी गिळलं! पुन्हा खाली! तिसऱ्यांदा वर येताना डोकं कशातून तरी आरपार गेलं, मागोमाग हात गेले, खांदे गेले, आणि सुटलेल्या पोटाशी येऊन काहीतरी घट्ट बसलं. बुडणं थांबलं! त्र्यंबकरावांनी डोळे उघडले. ढोलीच्या भोकातून त्यांचं अर्धं अंग वर आलं होतं, भोवती शंभर पावसाळे तरंगत होते, आणि भरती ओसरू लागल्यावर पाणी त्यांना सन्मानाने कल्याणकडे घेऊन निघालं.

काठाकाठाने धावत आलेल्या तिघांनी बंदराजवळ त्यांना काठाला ओढलं. चकती निघेना. वर ओढली, निघेना. खाली ढकलली, निघेना. ओला अंगरखा आणि फुगलेलं लाकूड, दोघांनी मिळून पोट जखडून ठेवलं होतं. पंढरीने करवत पुढे केली.

"कापू?"

"खबरदार!" त्र्यंबकराव कडाडले. "साहेब चारला येणार. चला!"

त्या दिवशी कल्याणच्या बाजाराने जे पाहिलं ते बाजार पुढे कित्येक वर्षं सांगत होता. मध्ये बोडक्या डोक्याचे, कमरेला सागाची चकती घातलेले त्र्यंबकराव. उजवीकडून पंढरी आणि डावीकडून ठमाबाई चकती तोलून धरतायत. मागे राघो, डोक्यावर पेटी. दारं अरुंद, त्यामुळे कचेरीत ते तिरपे होऊन शिरले.

साहेबाने चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग त्याची नजर टाचण्यांच्या भोकांवर गेली आणि तो खुर्चीतून उठला. तो त्र्यंबकरावांभोवती फिरू लागला.

"त्र्यंबकराव, आपणच फिरा," तो थोड्या वेळाने म्हणाला. त्र्यंबकराव जागच्या जागी फिरले.

"हे सहावं वलय, साहेब. सत्त्याहत्तर. असं आणखी दोन खुंटांवर पाहिलं. त्या साली पाऊस पडला नाही. तळं खोल खणा. माझी वही चूक आहे."

कचेरीत लेखण्या थांबल्या. साहेबाने वही उघडली, आकडा पाहिला.

"एकशे तेवीस इंच. मग आपण हे काय मोजलंत?"

त्र्यंबकराव चकतीसकट दाराकडे वळले. ठमाबाई दाराशी उभी होती, अजून ओली.

"पावसाची वाट, साहेब," ते म्हणाले. "किती जणींनी पाहिली ती. ती मात्र मी बरोबर मोजली आहे."

साहेब हसला नाही. त्याने नकाशावरचा तळ्याचा आकडा खोडला आणि नवा लिहिला. वही छापायच्या कागदांतून निघाली ती कायमची.

चकती घरी खोबरेलाने निघाली. गंगुबाई तेल चोळत होत्या आणि मान वर करत नव्हत्या.

"तूसुद्धा?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"तुम्ही इतकं मनापासून करायचात," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपलाही हातभार."

यंत्र त्यांनी उन्हाळ्यात कचेरीच्या आवारात कुलपाआड नेलं. तळ्याकाठचा ओटा उघडा राहिला. त्यावर त्यांनी नदीतला एक गोल धोंडा आणून बसवला, कारण पुजाऱ्याने देवाला बेघर करू नये. चकती कचेरीच्या भिंतीवर लागली, आणि महिन्याभरात तिच्या सहाव्या वलयावर कोणीतरी कुंकू लावायला सुरुवात केली. आता तो गंज नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

नव्या वहीत त्यांनी दोन रकाने आखले. एक पावसाचा, एक लोट्यांचा. आठ वाजता ते यंत्र वाचत आणि श्रावणात सोमवारी दिवेलागणीला तळ्यावर जाऊन तिथल्या बायांना आकडा विचारत. त्या वर्षी पाऊस ओढ धरून बसला होता. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारची नोंद त्यांच्या वळणदार अक्षरात अशी आहे: पाऊस, शून्य. लोटे, एकेचाळीस. त्यांतला एक माझा.